माजी विद्यार्थ्यांकडून मार्गदर्शन घेताय? या चुका टाळा

मानसशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एखादा माजी विद्यार्थी मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक सीनियर, म्हणून मिळाला की आधी हायसं वाटतं. मग दोन-चार मेसेजनंतर संवाद थंडावतो आणि ‘त्यांना वेळच नसतो’ यावर विषय संपतो. खरी गडबड बहुधा आधीच झालेली असते. कोणाकडे काय मागायचं, हे ठरलेलंच नसतं.

‘प्लीज गाइड करा’

‘मला क्लिनिकल सायकॉलॉजीमध्ये करिअर करायचंय, प्लीज गाइड करा.’ यावर कोणी काय लिहावं? त्यापेक्षा हे बघा: ‘प्रबंधासाठी मुलाखती घ्याव्यात की प्रश्नावली, इथे अडकलेय. तुम्ही मुलाखती घेतल्या होत्या. त्या लिहून काढायला आणि त्यांचं कोडिंग, म्हणजे विषयवार वर्गीकरण, करायला साधारण किती वेळ गेला?’ याचं उत्तर कामाच्या धबडग्यातही देता येतं.

मेंटॉरला सुपरव्हायझर समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. प्रॅक्टिकममध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणात, क्लायंट आत्महत्येच्या विचारांबद्दल बोलतो, विद्यार्थी घाबरतो आणि रात्री ओळखीच्या सीनियरला व्हॉइस नोट पाठवतो. त्या सीनियरने ना फाइल पाहिलेली असते, ना क्लायंटची जबाबदारी त्याच्यावर असते. जबाबदारी सुपरव्हायझरची, म्हणजे तुमच्या केसेसवर देखरेख करणाऱ्या प्रशिक्षकाची आहे. अशा वेळी पहिला फोन त्यालाच, तो उचलत नसेल तर संस्थेने ठरवून दिलेल्या आपत्कालीन व्यक्तीला.

‘नाव कुठे सांगितलं?’ हा बचावही लंगडा आहे. वय, नोकरी, नुकताच झालेला घटस्फोट एवढ्यावरून माणूस ओळखू येतो. अशी नोट आधीच गेली असेल तर दोन्हीकडून डिलीट करा आणि सुपरव्हायझरला स्वतःहून सांगा.

आता सुपरव्हायझरपासून लपवायचा मोह होतो, हेही खरं. संशोधक लडानी आणि सहकाऱ्यांच्या 1996च्या अभ्यासात जवळजवळ सगळ्याच प्रशिक्षणार्थी थेरपिस्टांनी सुपरव्हायझरला काही ना काही सांगितलं नव्हतं. मेंटॉर कामाला येतो तो नेमका इथे. केस त्याच्यापुढे उलगडू नका. ‘सुपरव्हायझरसमोर चूक कशी कबूल करू?’ हे मात्र जरूर विचारा.

फुकटची थेरपी

मेंटॉर थेरपिस्ट असला तरी तुमचा थेरपिस्ट नाही. एकाच माणसाशी दुहेरी नातं जोडण्याबद्दल व्यावसायिक आचारसंहिता सावध करतात, ते उगाच नाही. मन मोकळं करायला हरकत नाही, पण दर वेळी तेच होत असेल तर स्वतंत्र समुपदेशक गाठा.

‘आमच्या वेळी’वर विसंबणं

मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली डीएसएम-5 आली 2013मध्ये, तिची सुधारित आवृत्ती 2022मध्ये. आयसीडी-11 ही जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची वर्गवारीही 2022पासूनच लागू झाली. परवान्याचे आणि प्रशिक्षणाच्या तासांचे नियमही बदलतात. नियम अधिकृत ठिकाणीच तपासा. सीनियरला विचारायचं ते त्याने निर्णय कसा घेतला ते.

एकाच माणसाकडून सगळं

मेंटॉरिंगच्या अभ्यासक कॅथी क्रॅम यांनी 1980च्या दशकात मेंटॉरची दोन कामं वेगळी मांडली: करिअरला हात देणं आणि मानसिक आधार देणं. दोन्ही एकाच माणसाकडून मिळतीलच असं नाही, तेव्हा दोघे शोधा. त्यांच्या मांडणीत दुरावणं हाही या नात्याचा एक नेहमीचा टप्पा आहे. म्हणून विभागाने जोड्या लावतानाच मुदत ठरवावी. सहा महिने, महिन्याला एक भेट, मग फेरविचार. नुसती यादी वाचून जोड्या जाहीर करणारे विभाग पुढच्या वर्षी ‘प्रतिसाद नाही’ म्हणून उपक्रम गुंडाळतात.

उत्तरच येत नसेल तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. तरीही शांतता असेल तर समन्वयकाला सांगून दुसरा मेंटॉर मागून घ्या.