मलेरिया मोहिमेने घटला की पावसाळा संपल्याने? खंडित कालमालिका विश्लेषण कसे करावे

मुंबईत ऑगस्टमध्ये डासविरोधी मोहीम सुरू केली आणि डिसेंबरमध्ये रुग्ण मोजले, तर मोहीम कशीही राबवली असली तरी ती यशस्वीच दिसणार. मलेरियाचा जोर जुलै ते ऑक्टोबर असतो, पुढे आकडे आपोआप उतरतात. त्यातून मोहिमा बहुधा वाईट वर्षानंतर आखल्या जातात. २०१० साली मुंबईत मलेरियाची मोठी साथ आली होती. अशा वर्षानंतर काहीही केले नाही तरी आकडा खाली येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून 'आधीची सरासरी, नंतरची सरासरी' ही तुलना टाकाऊ आहे. खंडित कालमालिका विश्लेषणात हिशेब वेगळा असतो: आधीचा कल आणि ऋतुचक्र तसेच चालू राहिले असते तर या महिन्यात किती रुग्ण दिसले असते, आणि प्रत्यक्षात किती दिसले?

उदाहरणासाठी एका वॉर्डातली मोहीम घेऊ. सोसायट्यांच्या गच्चीवरच्या टाक्यांना डास शिरणार नाही अशी झाकणे बसवून घ्यायची. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनाफिलीस स्टेफेन्सी टाक्या, विहिरी, बांधकामाच्या जागा अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, त्यामुळे उपायामागचा तर्क पक्का आहे.

आकडेवारी उघडण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा: परिणाम कधी आणि कोणत्या आकाराचा अपेक्षित आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण दहा दिवस, डासाच्या शरीरात परजीवी तयार व्हायला जवळपास तेवढेच, माणसात लक्षणे दिसायला आणखी दोनेक आठवडे. म्हणजे पहिला महिना-दीड महिना फरक दिसू नये. मुंबईत मलेरियाचा व्हायवॅक्स हा प्रकार जास्त; तो यकृतात दडून काही महिन्यांनी पुन्हा उलटतो आणि टाकीच्या झाकणाने ते थांबत नाही. तेव्हा एकदम पडलेल्या पायरीपेक्षा हळूहळू बदलणारा उतार अधिक पटण्याजोगा. आलेख पाहून मग आकार ठरवला, तर हवे ते सिद्ध करता येते.

किती महिने लागतात? दोन्ही बाजूंना आठ-आठ बिंदू पुरतात असे पुष्कळदा सांगितले जाते, पण मलेरियासारख्या मोसमी आजाराला ते पुरत नाहीत. आधीची किमान तीन वर्षे आणि नंतरची दोन, म्हणजे महिन्यावारी साठ बिंदू, ही आमची खालची मर्यादा. या सगळ्या काळात रुग्णाची व्याख्या आणि नोंदणीची पद्धत तीच हवी. क्षयरोगाची नोंद मे २०१२ मध्ये सक्तीची झाली. त्यानंतर वाढलेल्या नोंदी म्हणजे वाढलेला क्षयरोग नव्हे. तसेच २५ मार्च २०२० च्या लॉकडाउननंतरचे महिने: दवाखान्यात जाणारेच घटले. तो काळ वगळा किंवा त्याला स्वतंत्र सूचक चल (त्या महिन्यांत १, एरवी ० असा स्तंभ) द्या.

तक्त्यात प्रत्येक महिन्याची एक ओळ. स्तंभ: रुग्णसंख्या, तपासलेल्या स्लाइड (रक्ताचे नमुने), लोकसंख्या, महिन्याचे दिवस, आणि तीन काळ-चल. पहिला १ पासून ६० पर्यंत चढत जाणारा, म्हणजे आधीचा कल. दुसरा मोहिमेआधी ०, नंतर १, म्हणजे पायरी. तिसरा आधी ०, मोहिमेच्या पहिल्या महिन्यातही ०, मग १, २, ३, म्हणजे उतारातला बदल. बरेच जण इथेच फसतात. तिसऱ्याऐवजी पहिल्या दोघांचा सरळ गुणाकार घेतला, तर पायरीचा कोएफिशंट (मॉडेलने त्या चलाला दिलेला आकडा) मोहिमेच्या महिन्यातला न राहता मालिकेच्या शून्याव्या महिन्यातला होतो, आणि त्याचा काहीच्या बाही अर्थ काढला जातो. झाकणे बसवायला तीन महिने लागले असतील, तर ते महिने गाळा आणि मोजणी त्यानंतर सुरू करा.

मॉडेल क्वासी-पॉइसन, म्हणजे मोजलेल्या संख्यांसाठीचे आणि जादा विखुरण सामावून घेणारे. साधे पॉइसन चालत नाही, कारण साथीच्या आकड्यांतली विखुरण सरासरीपेक्षा खूप मोठी असते आणि त्यामुळे विश्वासांतराल (अंदाजाची अनिश्चितता दाखवणारे पट्टे) खोटे अरुंद येतात. ऑफसेट, म्हणजे रुग्णसंख्या ज्याच्या प्रमाणात मोजायची तो पाया, म्हणून लोकसंख्या गुणिले दिवस यांचा लॉगरिदम घ्या. ऋतूसाठी बारा महिन्यांच्या आणि सहा महिन्यांच्या साइन-कोसाइन जोड्या (ठरावीक काळाने चढ-उतार करणाऱ्या लहरी), म्हणजे चार चल. पाऊस घालायचा असेल तर एक-दोन महिने मागचा घ्या. उपनगरांसाठी सांताक्रूझ, शहरासाठी कुलाबा वेधशाळा.

ऑफसेटमध्ये स्लाइड घालण्याचा मोह होतो. पण मोहिमेत घरोघरी ताप नसलेल्यांचेही रक्त तपासले गेले, तर पॉझिटिव्ह प्रमाण विनासायास पडते. दोन्ही मॉडेल चालवा. निष्कर्ष जुळले नाहीत तर तपासण्यांच्या आकड्यांचा आलेख आधी पाहा.

समजा पायरीचा कोएफिशंट −०.२२ आणि उताराचा −०.०१ आला. हे आकडे लॉगरिदममध्ये असतात, म्हणून e चा तेवढा घात घ्यायचा. पायरी म्हणजे ०.८० पट, म्हणजे लगेच २० टक्के घट. तिसरा चल १२ झाला तेव्हा −०.२२ − ०.१२ = −०.३४, म्हणजे ०.७१ पट: अपेक्षेपेक्षा २९ टक्के कमी. अहवालात हाच आकडा विश्वासांतरालासह द्या. नुसते दोन कोएफिशंट लिहून कोणाला काही कळत नाही.

मग अवशेष, म्हणजे प्रत्यक्ष आकडा आणि मॉडेलचा अंदाज यांतला फरक, तपासा. साथीत या महिन्याचा आकडा मागच्याला चिकटलेला असतो. डर्बिन-वॉटसन ही चाचणी फक्त लगतच्या महिन्याचे नाते पाहतो, म्हणून चोवीस महिन्यांपर्यंतचा स्वसहसंबंधाचा (मालिकेचे स्वतःच्याच मागच्या महिन्यांशी नाते) आलेख काढा. बाराव्या महिन्यावर काठी उंच असेल तर ऋतू नीट बसलेला नाही. जवळच्या महिन्यांवर उंच असेल तर हे नाते धरून काढलेल्या न्यूई-वेस्ट पद्धतीच्या प्रमाणत्रुटी वापरा.

शेवटी नियंत्रण मालिका, म्हणजे मोहिमेचा परिणाम होऊ नये अशी तुलनेची मालिका. मोहीम नसलेला शेजारचा वॉर्ड घेता येतो, पण डास आणि माणसे वॉर्डाची हद्द पाळत नाहीत, त्यामुळे फरक कमी दिसतो. गॅस्ट्रोही पावसाळी आजार आहे, तरी या कामाला नको: झाकलेल्या टाकीने तोही घटू शकतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) बरा. तो उंदराच्या मूत्राने दूषित साचलेल्या पाण्यातून येतो आणि त्याला टाकीशी देणेघेणे नाही. त्याच महिन्यापासून लेप्टोही तितकाच घसरला असेल, तर कमकुवत पावसाळा किंवा नोंदणीतली ढिलाई शोधा. सोबत मोहिमेची तारीख बरोबर एक वर्ष मागे सरकवून, फक्त मोहिमेआधीच्या आकड्यांवर तेच मॉडेल चालवा. तिथेही 'घट' सापडली, तर ऋतूचे किंवा कलाचे चल चुकले आहेत आणि खऱ्या तारखेचा निकाल अजून छापू नये.