धंद्यात मन लागेनासं झालं, तर

स्वतःच्या धंद्यात ‘हे आजच हवंय’ म्हणणारा साहेब नसतो. मन उडालं की कोटेशन, हिशेब, वसुलीचे फोन सगळंच उद्यावर जातं. अशा वेळी उत्साहाची वाट पाहत बसू नका. रात्री काम आवरतानाच उद्याचं पहिलं काम लिहून ठेवा, तेही नेमकं: ‘नाश्ता झाला की टेबलाशी बसून थकलेल्या बिलासाठी पहिला फोन.’ ‘मार्केटिंग बघणे’ असं मोघम लिहिलेलं हमखास राहतं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९०च्या दशकात नेमकी हीच ‘अमुक झालं की तमुक करीन’ पद्धत मांडली होती. तो फोन होईपर्यंत बाकीचे मेसेज उघडूच नका. मात्र कित्येक आठवडे झोप-भूकही बिघडली असेल, तर तो आळस समजू नका, डॉक्टरांना भेटा.