सुया घ्यायला येणाऱ्यांचा हिपॅटायटिस सी दुकानातूनच कसा बरा करायचा

मी फार्मसिस्ट आहे. आमच्याकडे मेथाडोनचा (अफू-हेरॉइनच्या नशेऐवजी डॉक्टरांच्या देखरेखीत दिलं जाणारं औषध) रोजचा डोस घ्यायला आणि नव्या सुया-सिरिंज न्यायला माणसं येतात. त्यांच्यातल्या अनेकांचा हिपॅटायटिस सी, म्हणजे रक्तातून पसरणारा यकृताचा विषाणूजन्य आजार, आमच्याच काउंटरवरून बरा झाला आहे. हे काम सुरू करू पाहणाऱ्या फार्मसिस्टांसाठी हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: जे इथे होऊ शकतं त्यासाठी माणसाला दुसरीकडे पाठवायचं नाही. चाचणीला एका इमारतीत, रिपोर्टला दुसऱ्या, औषधाला तिसऱ्या, असं केलं की प्रत्येक टप्प्यावर माणसं गळतात. रांगेत बसल्या बसल्या नशा उतरून अंग मोडून यायला लागतं, कुणीतरी सगळ्यांसमोर टाकून बोलतं, आणि तो माणूस परत तिथे पाऊल टाकत नाही. तुमच्या दुकानात मात्र तो येतोच आहे. स्कॉटलंडच्या टेसाइड भागात 55 औषध दुकानांमध्ये याचा रीतसर अभ्यास झाला. काही दुकानांनी मेथाडोन घेणाऱ्यांना नेहमीप्रमाणे दवाखान्यात पाठवलं, तर काहींमध्ये फार्मसिस्टनेच चाचणी केली आणि औषध दिलं. 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फार्मसिस्टने सगळं हातात घेतलं तिथे जास्त लोकांची चाचणी झाली, जास्त जणांचे उपचार सुरू झाले आणि जास्त जण बरे झाले.

सुरुवातीला एका डॉक्टरशी लेखी बोलणी करून ठेवा. तुमच्याकडच्या नियमांप्रमाणे चिठ्ठी कोण लिहिणार, रक्ताचे रिपोर्ट कोण बघणार, अडलं तर फोन कुणाला करायचा, हे ठरलेलं हवं. दार लागतं अशी एक छोटी खोली आणि दोन खुर्च्याही लागतील. काउंटरवर इतर गिऱ्हाइकं उभी असताना हा विषय काढायचाच नाही.

विषय कसा काढायचा? मी सगळ्यांनाच विचारते, म्हणजे कुणाला वेगळं काढल्यासारखं वाटत नाही. ‘आम्ही इथे येणाऱ्या सगळ्यांची हिपॅटायटिस सीची तपासणी करतो. बोटाला टोचायचं, वीस मिनिटांत कळतं. आज करूया का?’ नाही म्हणाले तर ठीक, पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं. नशा सोडली का, हा प्रश्न मी विचारत नाही, कारण उपचारासाठी ती अट नाही. ‘सिम्प्लिफाय’ नावाच्या अभ्यासात गेल्या सहा महिन्यांत नशेसाठी सुई टोचून घेतलेले 103 जण होते आणि त्यांतले 94 टक्के बरे झाले. ‘हे लोक गोळ्या नीट घेणार नाहीत’ असं कुणी म्हणालं की मी हाच आकडा पुढे ठेवते.

बोटाच्या रक्तातून होते ती अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांची चाचणी. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात आला होता, एवढंच कळतं. सुमारे चौघांतल्या एकाच्या शरीरातून तो आपोआप निघून जातो, म्हणून विषाणू आत्ता शरीरात आहे का ते दाखवणारी आरएनए चाचणी केल्याशिवाय ‘तुम्हाला हिपॅटायटिस सी आहे’ असं सांगू नका. अलीकडेच कुणाची सुई वापरली असेल तर उलटी अडचण होते: अँटिबॉडी तयार व्हायला दोन-तीन महिने लागू शकतात, पण आरएनए आठवडा-दोन आठवड्यांतच दिसतो. शक्य असेल तर आरएनएसाठीही बोटाचंच रक्त घ्या, यंत्रावर तासाभरात उत्तर देणाऱ्या चाचण्या आहेत. नसेल तर कागदावर सुकवलेल्या रक्ताचे थेंब प्रयोगशाळेत पाठवता येतात. शिरेतून रक्त घ्यावंच लागलं तर कुठली शीर चांगली आहे ते त्यालाच विचारा. त्याच्याइतकं ते कुणालाच माहीत नसतं आणि विचारल्याने त्याचा ताणही कमी होतो.

औषध सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीची चाचणी झालीच पाहिजे. ‘सी’ जाताना दबलेला ‘बी’ उसळून यकृत निकामी होऊ शकतं. एचआयव्हीची चाचणी आणि बाईमाणूस असेल तर गरोदरपणाची चौकशीही याच वेळी करा. मग यकृताची अवस्था. त्यासाठी फिब-4 हा हिशेब पुरतो: वय गुणिले एएसटी, भागिले (प्लेटलेट हजारांत गुणिले एएलटीचं वर्गमूळ). एएसटी आणि एएलटी म्हणजे रक्ताच्या रिपोर्टमधले यकृताचे आकडे. समजा वय 36, एएसटी 60, प्लेटलेट 200 हजार, एएलटी 64. वर 2160, खाली 1600, उत्तर 1.35. 1.45च्या खाली असेल तर यकृत फारसं घट्ट झालेलं नसण्याची शक्यता मोठी. 3.25च्या वर गेलं, पोटात पाणी झालं असेल, कावीळ दिसत असेल किंवा आधी उपचार होऊन रोग उरला असेल, तर मात्र तज्ज्ञ डॉक्टर हवेतच. अशा वेळी नुसती चिठ्ठी हातात देऊ नका, वेळ घेऊन द्या आणि जमलं तर सोबत कुणाला तरी पाठवा.

इथून पुढचं काम खास आपलं आहे. नेहमीची औषधं म्हणजे सोफोसबुव्हिर-व्हेल्पाटासव्हिर, रोज एक गोळी, बारा आठवडे. किंवा ग्लेकाप्रेव्हिर-पिब्रेंटासव्हिर, रोज तीन गोळ्या एकदम, खाण्याबरोबर, बहुतेकांना आठ आठवडे. मेथाडोन आणि त्याच कामाचं ब्युप्रेनॉर्फिन यांच्याबरोबर ती चालतात, डोस बदलावा लागत नाही. पण टीबीचं रिफॅम्पिसिन, फिटची कार्बामाझेपिन किंवा फेनिटोइन सुरू असेल तर हिपॅटायटिसची ही औषधं द्यायची नाहीत, रक्तात पुरेशी टिकतच नाहीत. हृदयाच्या ठोक्यांसाठीच्या अमिओडारोनबरोबर सोफोसबुव्हिर दिलं तर हृदयाचे ठोके धोकादायक मंदावू शकतात. ग्लेकाप्रेव्हिरबरोबर कोलेस्टेरॉलचं अटॉर्व्हास्टॅटिन नको. आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांबद्दल मुद्दाम विचारा, लोकांना ते औषधच वाटत नाही. ओमेप्राझोलने व्हेल्पाटासव्हिर नीट शोषलं जात नाही, म्हणून शक्यतो ते बंद ठेवावं. साधं अँटासिड घ्यायचं तर चार तासांचं अंतर ठेवायचं. मधुमेह असेल तर विषाणू कमी होताना साखर उतरू शकते, रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन सुरू असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा) हलतो. दोन्हींची आठवण लिहून ठेवा.

रोज मेथाडोनला येणाऱ्याची गोळी त्याच्या मेथाडोनच्या कपाबरोबरच द्या, वेगळी सवय लावावी लागत नाही. रोज न येणाऱ्याला आठवड्याची पाकिटं. ज्याला राहायला घर नाही, त्याची औषधं दुकानातच नाव लावून ठेवा. रस्त्यावर पिशवी चोरीला जाते, पोलीस सामान उचलून नेतात, आणि पूर्ण कोर्स त्यातच जातो. डोस चुकला आणि 18 तासांच्या आत लक्षात आलं तर लगेच घ्यायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी नेहमीचा, एका वेळी दोन कधीच नाही. चार दिवस कुणी दिसला नाही म्हणून उपचार फसला असं धरू नका. तो परत आला की ‘बरं झालं आलात’ म्हणा, गोळी द्या आणि डॉक्टरांना फोन करा. तो रागावणीच्या भीतीने आणखी लांबला तर जास्त नुकसान होतं. डोकं दुखणं, थकवा, मळमळ एवढाच त्रास बहुतेकांना होतो, तेही थोडे दिवस.

उपचार चालू असताना सुया द्यायचं थांबवू नका, उलट भरपूर द्या. हा विषाणू वापरलेल्या सिरिंजमध्ये आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतो. सुई वेगळी असली तरी नशेचं द्रव्य विरघळवायचं भांडं, कापूस किंवा पाणी एकत्र असेल तरी तो लागतो. म्हणून हे सामानही नवं द्या. सोबत टोचून घेणारा जोडीदार किंवा मित्र असेल तर त्यालाही तपासणीला घेऊन यायला सांगा. दोघांचा उपचार एकदम झाला तर एकमेकांकडून पुन्हा लागण होण्याची भीती बरीच कमी होते. हिपॅटायटिस ए आणि बीची लस आहे, सीची नाही. नॅलोक्सोन (अफू-हेरॉइनचा डोस जास्त झाला तर जीव वाचवणारं औषध) घरी न्यायला द्या आणि कसं वापरायचं ते दाखवा.

शेवटची गोळी झाल्यावर बारा आठवड्यांनी पुन्हा आरएनए चाचणी. तेव्हा विषाणू नसेल तर तो माणूस बरा झाला. ही तारीख त्याच्या मेथाडोनच्या नोंदीवर आधीच लिहून ठेवा, नाहीतर दोघंही विसरता. बरं झाल्यावरही पुन्हा लागण होऊ शकते, त्यामुळे टोचून घेणं चालू असेल तर सहा महिने ते वर्षभराने आरएनए करत राहा, आणि पुन्हा सापडला तर पुन्हा तितक्याच मनापासून औषध द्या. अँटिबॉडी मात्र रक्तात बहुधा कायमच राहते. म्हणून बरं झालेल्या प्रत्येकाला तारखेसह एक सही-शिक्क्याचा कागद द्या: ‘उपचार पूर्ण, आरएनए निगेटिव्ह. पुढे तपासायचं असल्यास आरएनएच करावी.’ एक प्रत तुमच्या फाइलमध्ये ठेवा, कारण त्याच्याकडचा कागद हरवला तर तो मागायला तुमच्याकडेच येणार आहे.