बातमी मुळापर्यंत कशी न्यावी

1 जुलै 2018, रविवार. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावाने त्यांचा जीव घेतला. तसे निरोप आधीच मोबाईलवरून फिरत होते. मग 22 जानेवारी 2025 ला पाचोरा तालुक्यात परधाड्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. लोकांनी भीतीने रुळांवर उड्या टाकल्या आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली सापडले. आग लागलेलीच नव्हती.

या दोन्ही गोष्टी आपल्या खान्देशातल्या आहेत, म्हणून मला त्या विसरता येत नाहीत. राईनपाड्यात निरोप पोचायला कसलीच अडचण आली नाही. तो कुठून निघाला, हे विचारणारा आवाज मात्र गर्दीत उठला नाही, किंवा उठला असेल तर ऐकला गेला नाही. अहिराणीत आपण सहज विचारतो, ‘तुले कोनी सांगं?’ माझ्या मते जाणकार माणूस ओळखायचा तो इथेच. त्याला जे माहीत असतं ते कुठून कळलं, हेही त्याला सांगता येतं. ही सवय लावून घेता येते. मी ती कशी लावली, ते सांगतो.

सुरुवात मोबाईलपासून करू नका, वहीपासून करा. येत्या दोन-तीन महिन्यांत तुम्हाला कोणते निर्णय घ्यायचे आहेत, ते लिहून काढा. कापूस घरात ठेवायचा की विकायचा, केळीचा विमा काढायचा का, मुलीचा प्रवेश कुठे, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन कधी. चार-पाच ओळी पुरतात. रोज येणाऱ्या शंभर निरोपांतले या ओळींना लागू पडणारे दोनच निघतील. त्या दोनांवर वेळ घालवा. बाकीचे वाचले नाहीत तरी काही बिघडत नाही, हे पटायला मला बरेच दिवस लागले.

मग त्या दोन निरोपांना ‘कोणी सांगितलं?’ हा वरचा प्रश्न विचारा. पाठवणाऱ्याने स्वतः पाहिलं का? पाहणाऱ्याकडून ऐकलं का? की नुसतं पुढे ढकललं? व्हॉट्सॲपवर निरोपाच्या डोक्यावर दुहेरी बाण दिसला, तर तो किमान पाच हातांतून आलेला असतो. राईनपाड्याच्या त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पण मर्यादा लागली म्हणून निरोप खरा होत नाही. नानांनी पाठवलाय म्हणून तर मुळीच नाही. नाना खोटं बोलत नाहीत, पण त्यांनाही तो कुणीतरी पाठवलेलाच असतो.

आता मुळाकडे जायचं, आणि खरी मेहनत इथेच आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगावचे वाडे पालथे घालून जुनी दप्तरं मिळवली, कारण ऐकीव हकिकतीपेक्षा त्यांचा भरवसा अस्सल कागदावर होता. धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही आहे. आपल्याला वाडे पालथे घालायचे नाहीत, अस्सल कागद आता घरबसल्या उघडतो. ‘शासनाने मंजूर केलं’ असं कुणी म्हटलं की शासन निर्णय मागा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर तो विभागवार सापडतो आणि प्रत्येक निर्णयाला संकेतांक असतो. त्या आकड्याची सुरुवातच वर्ष, महिना, दिवस अशी होते. संकेतांक नसलेला ‘निर्णय’ फिरत असेल तर थांबा. कागद मिळाला की मथळा वाचून सोडू नका. निरोपात ‘सरसकट’ असतं, निर्णयात अटी असतात. केळीच्या हवामानावर आधारित विम्याचंच बघा. भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर. बांधावर उभं राहून तुम्हाला किती गारठा लागला, यावर नाही.

भावाच्या बातमीत आकड्यापेक्षा आकड्याला चिकटलेले शब्द महत्त्वाचे असतात. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये, मध्यम धाग्याचा 7710. हे खरं, पण भारतीय कपास निगमच्या (सीसीआय) खरेदी केंद्रावर पूर्ण भाव 8 टक्के ओलाव्यापर्यंतच मिळतो. त्यापुढे कपात होते आणि 12 टक्क्यांवरचा माल घेत नाहीत. हे माहीत नसताना ट्रॅक्टर भरून नेणारा माणूस ‘फसवलं’ म्हणत परत येतो. त्याला आकडा माहीत होता, अट माहीत नव्हती. केळीचंही तसंच. रावेरचा भाव म्हटलं की नवतीचा (नव्या लागवडीचा), पिलबागाचा (खोडव्याचा) की वापसीचा (कमी प्रतीच्या मालाचा), हे आधी विचारा, आणि बोर्डावर लिहिलेला भाव शेजाऱ्याच्या हातात प्रत्यक्ष किती पडला, हेही.

पावसाळ्यात हतनूर धरणाच्या 41 दरवाज्यांचा व्हिडिओ आला तर तारीख शोधा. तो मागच्या एखाद्या वर्षाचाही असू शकतो. तापीकाठच्या गावाला व्हिडिओपेक्षा विसर्गाचा आकडा आणि त्याची वेळ हवी असते. तो पाटबंधारे विभागाकडून किंवा तहसील कार्यालयातून कळतो. एकक नीट वाचा, कारण एक क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर पाणी) म्हणजे सुमारे 35 क्युसेक (सेकंदाला घनफूट). एवढ्या फरकाने एखादं घर विनाकारण रिकामं होईल, किंवा वेळेत होणार नाही. हवामान विभागाचा इशाराही रंगासकट वाचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच हालचाल करा.

पिकावरच्या रोगाचा फोटो टाकून ‘कोणतं औषध मारू’ असं ग्रुपवर विचारण्याआधी पान घेऊन जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. यावर जास्त लिहायची गरज नाही.

कागद कुठेच मिळाला नाही तर मागून घ्या. माहिती अधिकार कायदा 2005 चा आहे. अर्जाला 10 रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत मांडावा लागतो. ‘रस्ता का झाला नाही’ असं विचारू नका. कामाच्या आदेशाची, मोजमाप पुस्तिकेची आणि बिलाची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं. मिळालेला कागद ग्रामसभेत वाचून दाखवा, म्हणजे तो एकट्याच्या कपाटात पडून राहणार नाही.

आणि पुढे पाठवण्याआधी एक रात्र जाऊ द्या. जीव वाचवणारी सूचना असेल तर गोष्ट वेगळी, पण तीही आधी पोलीस पाटलांना किंवा तहसीलला फोन करून. चोर, टोळी, जात, धर्म असं काही असेल तर पाठवूच नका, 112 ला कळवा.

एवढं करूनही चूक होते. माझ्याकडून झाली. विम्याच्या मुदतवाढीचा निरोप मी वरची तारीख न बघता पुढे पाठवला आणि एक मेहुणे दिवसाची मजुरी सोडून तालुक्याला खेटा घालून आले. निरोप मागच्या वर्षीचा निघाला. तेव्हापासून चूक कळली की नुसता निरोप काढून टाकत नाही. ज्या ग्रुपवर टाकला तिथेच लिहितो: ‘काल मी पाठवलेली तारीख चुकीची होती. बरोबर तारीख ही, शासन निर्णयाचा संकेतांक हा. ज्यांना पुढे पाठवलं असेल त्यांना कृपया कळवा.’ आणि मेहुण्यांना फोन करतो.