लेखनाच्या पेपरचे शेवटचे तीन आठवडे: निबंध, सबमिशन आणि पीपीटी

लेखनकौशल्याच्या इंटर्नलला मार्क जातात ते भाषा कच्ची म्हणून कमी आणि विषय अवाढव्य घेतला म्हणून जास्त. 'विदर्भाचा विकास' असा मथळा टाकला की १,५०० शब्दांत सिंचन येतं, संत्री येतात, मिहानचा औद्योगिक प्रकल्प येतो आणि कशावरच चार वाक्यांपुढे काही लिहून होत नाही. म्हणून पहिले दोन दिवस निबंधाला हातच लावू नका. एका ओळीत मावेल असा प्रश्न शोधा, ज्याचं उत्तर पुरावा दाखवून देता येईल.

हे कसं करायचं ते एका विषयावर बघू. १९५३ च्या नागपूर करारात, म्हणजे विदर्भासह मराठी भाषकांचं एक राज्य करण्यासाठी नेत्यांनी केलेल्या करारात, ठरलं की राज्याच्या विधिमंडळाचं वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात भरेल. 'नागपूर करार: एक अभ्यास' हा विषय झाला, प्रश्न नाही. '२०१० ते २०२२ या काळात करारातलं अधिवेशनाचं कलम कितपत पाळलं गेलं?' हा प्रश्न झाला. त्यात काळ ठरलेला आहे, मोजायचं काय ते ठरलेलं आहे. आता शब्द तपासा. तुम्ही 'हिवाळी अधिवेशन कितपत झालं' असं लिहिलं असतं तर २०१८ ला फसला असता, कारण त्या वर्षी नागपुरात पावसाळी अधिवेशन झालं आणि हिवाळी मुंबईला. करारात 'हिवाळी' ही अट नाही, त्यामुळे त्या वर्षी कलम पाळलं गेलं. २०२० आणि २०२१ मध्ये मात्र कोरोनाच्या काळात नागपुरात अधिवेशनच झालं नाही. एका शब्दानं निष्कर्ष उलटतो तो असा. प्रश्नातला प्रत्येक शब्द सरांसमोर ठेवून विचारून घ्या. हे दहा मिनिटांचं काम पुढचे दहा दिवस वाचवतं.

पुढचे पाच-सहा दिवस टिपणांचे. वहीचं एक पान एका मुद्द्याला द्या. पुस्तकातून काही घेतलं की त्याच क्षणी पृष्ठ क्रमांक लिहा. 'नंतर शोधू' म्हटलेलं पान नंतर सापडत नाही आणि सबमिशनच्या आदल्या रात्री लायब्ररी बंद असते. वर्तमानपत्राची नोंद करताना तारखेसोबत आवृत्तीही लिहा, कारण नागपूर आणि मुंबई आवृत्तीत एकच बातमी वेगळ्या पानावर, कधी वेगळ्या मथळ्याखाली असते. जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य वहीतही अवतरणचिन्हातच ठेवा. उचलेगिरीचे आरोप बहुतेक वेळा इथूनच सुरू होतात: आठवड्यानं वही उघडली की कोणतं वाक्य आपलं आणि कोणतं पुस्तकातलं, हे ओळखूच येत नाही.

लिहायला बसताना प्रस्तावना शेवटी ठेवा. ती आधी लिहिली की 'मानव हा समाजशील प्राणी आहे' इथून सुरुवात होते आणि पहिलं पान वाया जातं. १,५०० शब्दांची साधारण वाटणी अशी ठेवा: प्रस्तावना १५०, मुख्य भाग १,१५०, निष्कर्ष २००. मुख्य भागाचे आठ-नऊ परिच्छेद होतात. सगळे लिहून झाले की प्रत्येकाचं फक्त पहिलं वाक्य एका कागदावर सलग उतरवा आणि वाचा. तेवढ्यावरून तुमचं म्हणणं कळलं नाही तर क्रम चुकला आहे; भाषा घासत बसण्याआधी परिच्छेद हलवा.

मग भाषा. शासकीय पत्रांची सवय लागलेलं एक वाक्य घ्या: 'सदर कराराच्या अनुषंगाने नागपूर येथे अधिवेशन घेण्यात येण्याबाबतची तरतूद करण्यात आलेली आहे.' यात कोणी काय ठरवलं ते सापडत नाही. 'दरवर्षी किमान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचे, असे करारात ठरले.' कमी शब्दांत काम झालं. निबंधात 'असे, केले, घ्यायचे' हीच रूपं ठेवा. मध्येच 'असं, केलं' आलं की दोघांनी लिहिल्यासारखं दिसतं. शुद्धलेखनात सगळ्यात जास्त चुका उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षराच्या होतात. 'वकील' पण 'वकिलाने', 'जमीन' पण 'जमिनीत'. 'विद्यापीठ' मात्र तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून 'विद्यापीठाने' दीर्घच राहतं. शेवटचा इकार दीर्घ असतो, पण 'आणि' आणि 'तथापि' ऱ्हस्व. संपूर्ण निबंध एकदा मोठ्यानं वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा.

टायपिंग युनिकोडमध्येच करा. बाहेर दुकानात टाइप करून घेत असाल तर हे आधी बजावून सांगा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेल्या असतात. ज्या मोबाइलवर तो फॉन्ट नाही तिथे तुमच्या निबंधाऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाइल पाठवताना सोबत पीडीएफ द्याच. हिवाळी परीक्षेच्या सुमारास प्रिंट, बाइंडिंग असेल तर अधिवेशनाचे दिवस बघून घ्या. मोर्चे निघाले की नागपुरात मॉरिस कॉलेज टी-पॉइंटपासून बर्डीपर्यंतचे (सीताबर्डी) रस्ते अडतात. दोन दिवस आधी, घराजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे काम उरका.

प्रेझेंटेशन म्हणजे निबंधाचं वाचन नव्हे, आणि याचं कारण साधं गणित आहे. सावकाश, समजेल असं बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. दहा मिनिटांतली दोन प्रश्नांसाठी सोडली तर हातात ८०० ते १,००० शब्द उरतात. १,५०० शब्दांचा निबंध त्यात बसवायला गेलं की शेवटी धावपळ होते आणि निष्कर्षच राहून जातो. म्हणून प्रश्न, एक ठळक पुरावा, एक अडचण आणि निष्कर्ष एवढंच घ्या. बाकीचं निबंधात आहेच.

स्लाइड सहा-सात पुरे. पहिल्या स्लाइडवर नाव आणि रोल नंबर लहान, प्रश्न मोठा. अक्षर २८ पॉइंटच्या खाली नको, आणि ओळींमध्ये जागा मोकळी सोडा: मराठीत वेलांट्या वर आणि उकार खाली जातात, ओळी चिकटल्या की मागच्या बाकावर काहीच वाचता येत नाही. उन्हं येणाऱ्या वर्गात पिवळी-फिकी अक्षरं प्रोजेक्टरवर पुसली जातात. पांढऱ्यावर काळं किंवा गडद निळं ठेवा. तेरा वर्षांची यादी ओळीनं देण्यापेक्षा एकच तक्ता करा: वर्ष, नागपुरात अधिवेशन झालं का, कोणतं. २०१८, २०२० आणि २०२१ या तीन ओळी रंगवल्या की वर्गाला बोलायच्या आधीच मुद्दा दिसतो.

पीपीटीची पीडीएफ पेनड्राइव्हमध्ये आणि स्वतःला ईमेल करून, दोन्हीकडे ठेवा. वर्गातल्या कॉम्प्युटरवर फॉन्ट हलतात, पीडीएफ हलत नाही. उभं राहून, मोबाइलवर टायमर लावून तीनदा सराव करा. तिसऱ्यांदाही वेळ जास्त होत असेल तर बोलण्याचा वेग वाढवू नका, एक स्लाइड काढा. दोन वाक्यं मात्र शब्दशः पाठ हवीत, पहिलं आणि शेवटचं. घाबरल्यावर माणूस तिथेच अडकतो. लाइट गेली तर कामी यावा म्हणून तक्त्याचा एक प्रिंट हाताशी असू द्या.

प्रश्नोत्तरात प्रश्न आधी स्वतःच्या शब्दांत परत म्हणा, त्यात विचार करायला पाच सेकंद मिळतात. उत्तर येत नसेल तर 'हे मी तपासलेलं नाही, माझी नोंद २०१० पासूनची आहे' असं सरळ सांगा आणि पुढचा प्रश्न घ्या.