टर्बो गाडीचे व्हॅक्यूम पाईप बदलताय? रंग नंतर बघा, आतनं काय वाहतंय ते आधी बघा

मागच्या मे मधली गोष्ट. घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघालो होतो, घाटात गाडीचं पिकअप एकदम गेलं, चेक इंजिनचा लाईट लागला आणि मागं बसलेले काका म्हणाले, "एवढी टर्बो टर्बो करतोस, ही तर टमटमच्या मागं चाललीय की." माझी गाडी म्हणजे १.८ लिटरची जुनी टर्बो पेट्रोल सेडान, वीस व्हॉल्व्हवाली. कशीबशी परत सोलापुरात आणली, एका गॅरेजवर दाखवली, तर त्या भावानं फाटलेला बारका व्हॅक्यूम पाईप काढून तिथं चक्क ठिबकची बारकी नळी बसवून दिली आणि वर "बिनधास्त चालवा मालक" म्हणाला. चार दिवस चालली पण. पाचव्या दिवशी दुपारी विजापूर रोडला सिग्नलवर उभा होतो, बाहेर बेचाळीस डिग्री, बोनेटखाली किती असेल ते देवाला ठाऊक, ती नळी मऊ होऊन चपटी झाली आणि गाडी परत तशीच.

मग स्वतःच बसलो शिकायला. त्यातनं जे कळलं ते इथं क्रमानं लिहितो, म्हणजे तुम्ही दुकानात जाऊन "भैया सहा एमएमचा निळा सिलिकॉन द्या" असं म्हणणार नाही. मी पहिल्यांदा तेच केलं होतं.

आधी खात्री करा की पाईपच गेलाय

इंजिनचा स्लो (आयडलिंग) खालीवर होतो, सकाळी स्टार्ट केल्यावर मिसिंग करते, कुठूनतरी बारीक सुस्स आवाज येतो, ब्रेक पेडल कडक लागतं, याला आपले मिस्त्री एकच शब्द वापरतात, "गाडी एअर घेतीय". बरोबरच आहे ते. थ्रॉटलच्या पुढं मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) स्लोवर व्हॅक्यूम असतो, पाईपला चीर पडली की तिथनं न मोजलेली हवा आत शिरते आणि मिक्स्चर पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. स्कॅनरला बहुतेक वेळा पी ०१७१ हा पातळ मिक्स्चरचा कोड दिसतो. मोबाईलला जोडायचा साधा ओबीडीचा डोंगल असेल तर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा) बघा, स्लोवर अधिक दहाच्या वर आणि रेस केल्यावर खाली येत असेल तर व्हॅक्यूम लीकचा संशय पक्का धरा.

टर्बोवाल्यांची गंमत अशी की त्याच मॅनिफोल्डमध्ये एक्सलरेटर दाबला की व्हॅक्यूम जाऊन प्रेशर येतं (यालाच बूस्ट म्हणतात), स्टॉक गाडीत साधारण अर्धा ते एक बार. म्हणजे तोच पाईप सिग्नलवर आत ओढला जातो आणि हायवेवर बाहेर फुगतो, दिवसातनं शेकडो वेळा. साध्या गाडीचा पाईप नुसता ओढ सहन करतो, ह्याला दोन्हीकडनं मार. म्हणून स्लो एकदम शांत आणि फक्त पिकअपलाच बोंब असंही होतं, कारण चीर फुगल्यावरच उघडते.

व्हॅक्यूम गेज लावून बघणार असाल तर एक लक्षात ठेवा. पुस्तकात लिहिलेले १८ ते २२ इंच (पाऱ्याचे) हे समुद्रसपाटीचे आकडे आहेत. सोलापूर साधारण साडेचारशे मीटरवर आहे, आणि दर हजार फुटाला एक इंच कमी धरायचा, म्हणजे आपल्याकडं दीड इंच कमी दिसलं तर घाबरून इंजिन उघडू नका. काटा स्थिर आहे का ते जास्त महत्त्वाचं.

लीक शोधायला धूर मारायचं मशीन सगळ्यात चांगलं, काही गॅरेजमध्ये असतं. कार्ब क्लीनर फवारून शोधणारे पण आहेत, पण टर्बो गरम असताना हे अजिबात करू नका, तो लाल होईपर्यंत तापतो आणि तो स्प्रे पेटतो. थंड इंजिनवर सगळे पाईप हातानं वाकवून बघितले तरी अर्धं काम होतं. कडक झालेला, वाकवल्यावर भेगा दाखवणारा, किंवा उलट बोटाला चिकट लागणारा, तिन्ही गेलेले.

मग फोटो आणि कागद

काही काढायच्या आधी बोनेट उघडून पाच-सहा बाजूंनी फोटो काढा. मला वाटलं लक्षात राहील. नाही राहत बे! माझ्या इंजिनवर बूस्ट कंट्रोल करणारा एन ७५ नावाचा व्हॉल्व्ह आहे, त्याला तीन तोंडं, एक टर्बोच्या प्रेशरकडं, एक वेस्टगेटच्या (बूस्ट आवरणारी टर्बोवरची झडप) अॅक्च्युएटरकडं, म्हणजे ती झडप हलवणाऱ्या डबीकडं, एक टर्बोच्या आधीच्या हवेच्या पाईपकडं. ह्यातले दोन उलटे लावले की गाडी एकतर मरगळलेली चालते नाहीतर नको तेवढं बूस्ट करते. तेव्हा कागदावर प्रत्येक पाईपला नंबर द्या, कुठनं कुठं जातो ते लिहा, आणि एक रकाना ठेवा, "आतनं काय जातं". खरेदीला जाताना हाच रकाना कामाला येतो.

आत काय वाहतंय त्यावर माल ठरतो

नुसती कोरडी हवा जाणारे पाईप, म्हणजे वेस्टगेटचा, डायव्हर्टर व्हॉल्व्हचा (एक्सलरेटर सोडल्यावर अडकलेलं प्रेशर सोडणारी झडप), बूस्ट गेजचा. इथं सिलिकॉन मस्त. १८० डिग्रीपर्यंत सहज तग धरतो, उन्हानं-ओझोननं तडकत नाही, वर्षानुवर्षं मऊ राहतो. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात रबर कसं सुकतं ते सायकलच्या ट्यूबवरनं सगळ्यांना माहितीय, त्या हिशोबानं इथं सिलिकॉनला पैसे घालणं पटतं. फक्त टोकदार गोष्टीला घासला की चटकन कापला जातो, त्यामुळं ब्रॅकेटच्या कडेवरनं जात असेल तर वरनं स्लीव्ह घाला.

पण. इथंच सगळे फसतात, मीही फसलो. सिलिकॉन तेलाला आणि पेट्रोलला चालत नाही. तेलाच्या वाफेनं तो फुगतो, मऊ पडतो, तोंडावरनं घसरतो, आणि पेट्रोलची वाफ तर त्याच्या भिंतीतनं आरपार झिरपते. मी हौसेनं इंजिनच्या ब्रीदरला, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ बाहेर काढणाऱ्या पीसीव्हीला, निळा सिलिकॉन लावला होता, दिसायला एक नंबर, तीन महिन्यांत चिकट शेवया. तिथं कंपनीचा साच्यातला पाईप मिळत असेल तर तोच घ्या, नाहीतर आतनं नायट्राईल किंवा व्हायटॉनचं (दोन्ही तेलाला चालणारी रबरं) अस्तर असलेला. फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेला सिलिकॉन पण मिळतो, तो तेलाला चालतो, महाग असतो.

चारकोल कॅनिस्टर (टाकीतली वाफ धरून ठेवणारा डबा) कडनं इंजिनाकडं येणाऱ्या पर्जच्या पाईपातनं पेट्रोलची वाफ येते. तिथं फ्युएलचाच पाईप, अंगावर J30 R7 किंवा J30 R9 (फ्युएल पाईपचा दर्जा) छापलेला. R9 ला आतनं व्हायटॉन असतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते सांगायला नको, म्हणजे आपलाच ऊस आपल्याच पाईपात. जुन्या स्वस्त रबराला हे झेपत नाही, म्हणून इथं दहा-वीस रुपये वाचवू नका.

दुकानात काळ्या रंगाचे दोन पाईप शेजारी ठेवले तर कुठला ईपीडीएम (हे पण एक रबरच) आणि कुठला नायट्राईल हे डोळ्यांनी कळत नाही. ईपीडीएम उष्णतेला आणि कूलंटला चांगला, तेल लागलं की वाट लागते. नायट्राईल बरोबर उलटं, तेलाला चांगला, पण उष्णतेत आणि ओझोनमध्ये लवकर तडकतो. म्हणून अंगावर काहीच छापलेलं नसेल तर तो पाईप घेऊच नका, दुकानदार मामा कितीही ओळखीचा असो.

ब्रेक बूस्टरचा (व्हॅक्यूमवर चालून ब्रेक पेडल हलकं करणारा डबा) पाईप वेगळाच. तो जाड, आतनं दोऱ्याची वीण असलेला, त्याच्यात एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो म्हणजे बूस्ट आल्यावर प्रेशर बूस्टरमध्ये शिरू नये. ह्या पाईपला प्रयोग नको, ब्रेक बूस्टरसाठीच बनलेला घ्या. व्हॉल्व्ह तपासायचा असेल तर काढून तोंडानं फुंकून बघा, हवा बूस्टरकडनं इंजिनकडं गेली पाहिजे, उलटी नाही. दोन्हीकडनं जात असेल तर तोही बदला.

डिझेलवाल्यांनी नाराज होऊ नका. तुमच्याकडं मॅनिफोल्डला व्हॅक्यूम नसतो म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि व्हीजीटी (आतल्या पात्यांचा कोन बदलणारा) टर्बो असेल तर बऱ्याच गाड्यांत त्याचा अॅक्च्युएटर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. तिथला बारका पाईप तडकला की गाडी मरते आणि लोक टर्बो बदलायचं कोटेशन घेऊन येतात. आधी पाईप बघा.

माप

जुना पाईप कापून त्याचं माप घेऊ नका, तो ताणून मोठा झालेला असतो. व्हर्नियर लावून ज्या तोंडावर पाईप बसतो त्या तोंडाचं माप घ्या, त्याच्या फुगीर कडेवर. पाईपचं आतलं माप त्याहून थोडं कमी पाहिजे, बारक्या पाईपला अर्धा एमएम कमी म्हणजे छान घट्ट बसतो. चार एमएमच्या तोंडाला चारचाच सिलिकॉन घेतला तर बूस्टला निसटतो. माझ्या गाडीवर बहुतेक ठिकाणी वरनं सुती विणीचा साडेतीन एमएमचा पाईप आहे, सोलापुरात चौकशी केली तर चारचा घ्या, काय फरक पडतो असं ऐकलं. पडतो. शेवटी पुण्याहून मागवला, ट्रॅव्हल्सच्या डिकीतनं आला.

भिंतीची जाडी लोक विसरतात. पातळ भिंतीचा पाईप स्लोच्या व्हॅक्यूमला आतल्या आत चिकटतो, बाहेरनं काही दिसत नाही. घ्यायच्या आधी दुकानातच जिथं वळण येणार तसा वाकवून एक टोक बोटानं दाबा आणि दुसरीकडनं तोंडानं जोरात हवा ओढून बघा, चपटा झाला तर परत द्या. दुकानातली माणसं हसतील, हसू दे. फार तीव्र वळण असेल तर सरळ पाईप जबरदस्तीनं वाकवण्यापेक्षा साच्यातला एल्बो घ्या.

लांबी जेवढी जुन्याची तेवढीच, फार तर बोटभर जास्त, कारण इंजिन रेसला हलतं. वेस्टगेटच्या लाईनला उगाच लांब वेटोळं घालू नका, सिग्नल उशिरा पोचतो. आणि जुन्या पाईपात मध्येच बारीक भोकाची पितळी किंवा प्लास्टिकची गोळी सापडली तर ती कचरा म्हणून फेकू नका! तो रिस्ट्रिक्टर असतो, मुद्दाम घातलेला, नव्या पाईपात तसाच घाला.

बसवताना

इंजिन पूर्ण थंड. एक काढा, एक लावा, मग पुढचा. सगळे एकदम काढून ताटलीत ठेवायचे नाहीत. कडक पाईप ओढून काढू नका, प्लास्टिकची तोंडं वीस वर्षं जुनी असतात, कट्टकन मोडतात, आणि मग बाराशेच्या कामाचे बारा हजार. ब्लेडनं उभी चीर देऊन सोलून काढा. नवा बसवताना तेल-ग्रीस लावू नका, थोडं साबणाचं पाणी पुरतं.

स्क्रूवाली क्लिप बारक्या पाईपला नको, तिचे दात सिलिकॉनमध्ये रुततात. स्प्रिंगची क्लिप किंवा कान दाबायची क्लिप बघा. ज्या पाईपात बूस्ट येतं तिथं क्लिप लावायचीच, आणि वेस्टगेटच्या पाईपला तर दोनदा बघा, कारण तो निसटला की वेस्टगेट उघडतच नाही, बूस्ट वर वर जातं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गाडी लिम्पमध्ये, म्हणजे कमी ताकदीवर, टाकतो. ते पण आपलं नशीब चांगलं असेल तर. टर्बोच्या हाऊसिंगपासून पाईप तळहाताएवढा लांब ठेवा, जमत नसेल तर फायर स्लीव्ह चढवा.

मग स्टार्ट करा, गरम होऊ द्या, ट्रिम परत बघा. माझं अधिक चौदावरनं अधिक दोनवर आलं. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर एक फेरी, तिसऱ्या गिअरला दाबून. दोनशे किलोमीटर झाल्यावर थंड गाडीवर सगळ्या क्लिप परत चाचपा, सिलिकॉन पहिल्या गरमीत थोडा बसतो आणि एक-दोन क्लिपा सैल निघतातच. उरलेला फूटभर पाईप, एक ब्लेड आणि चार क्लिपा डिकीत टाकून ठेवा. काकांना घेऊन परत त्याच घाटात जायचं असतं.