रंकाळ्याचा गाळ आणि १६एसचा वंशवृक्ष

गाळात मिथेन बनवणारे जंतू बॅक्टेरिया नव्हेत, आर्किआ नावाचा वेगळाच गट आहे म्हटलं, की एमएस्सीची पोरं विचारतात, “सर, कशावरून?” रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी तोच प्रश्न. मग मी त्यांना संगणकासमोर बसवतो.

एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या संकेतस्थळावरून १६एस आरआरएनएचे (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमचा एक आरएनए रेणू) क्रम फास्टा या साध्या मजकूर स्वरूपात उतरवून घ्या: ई. कोलाय, बॅसिलस हे बॅक्टेरिया; मिथेनोकोकस, सल्फोलोबस हे आर्किआ. यीस्ट हवं तर १६एसच्या जागी त्याचा १८एस. ई. कोलायचा क्रम १५४२ बेसचा, म्हणजे ए, जी, सी, यू या अक्षरांचा आहे. अर्धवट तुकडे मी घेतच नाही.

खरी कसोटी जुळवणीत, म्हणजे सगळ्यांचे क्रम एकाखाली एक नीट मांडण्यात. त्यासाठी मॅफ्ट हा प्रोग्राम चालवा, पण त्यावर आंधळा विश्वास नको. हा रेणू स्वतःवरच दुमडतो. दुमडीत एका बाजूचा जी बदलून ए झाला, तर समोरचा सी बऱ्याचदा यू होतो आणि जोडी टिकते. अशा जोड्या समोरासमोर येतात का, ते डोळ्यांनी बघा. कशातच न बसणारे चंचल भाग सरळ कापा.

आयक्यू-ट्री या प्रोग्राममध्ये झाड, म्हणजे वंशवृक्ष, काढा, बूटस्ट्रॅप (फेरनमुने घेऊन प्रत्येक फांदीचा आधार तपासणं) १०००. कमी आधाराच्या फांदीवरून भांडू नका, राव!

१९७७ साली वोझ आणि फॉक्स या शास्त्रज्ञांकडे पूर्ण क्रम नव्हते. एन्झाइमने कापलेल्या तुकड्यांच्या याद्या ताडून त्यांनी आर्किआ वेगळे काढले.

झाडाचं मूळ मात्र १६एसवरून शोधू नका. मूळ ठरवायला तुलनेसाठी झाडाबाहेरचा जीव लागतो; सगळ्या सजीवांबाहेरचा जीव आणणार कुठून? त्यासाठी १९८९ मध्ये प्राचीन काळी दुप्पट झालेल्या जनुकांची जोडी वापरली गेली. शिवाय उष्णताप्रेमींच्या आरआरएनएत जी-सी जास्त असतात, त्यामुळे परकेही सख्खे दिसू शकतात.